टी पेशीला संदेश कमी पोचला की शरीर स्वतःवर का उलटतं?

जास्वंद (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. कोविडनंतर ‘इम्युनिटी वाढवा’ हे शब्द काढ्याच्या पुडीपासून बिस्किटाच्या पुड्यापर्यंत सगळीकडे आले आणि प्रतिकारशक्ती जितकी जास्त तितकी चांगली, असा समज पक्का झाला. मग आमवात, ल्यूपस, हाशिमोटो असे ऑटोइम्यून (म्हणजे शरीर स्वतःवरच उलटण्याचे) आजार झालेली माणसं विचारतात, “म्हणजे माझी इम्युनिटी फार वाढली का?” मी टी पेशींवर (प्रतिकार करणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींवर) काम करते, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे सतत येतो. नुसतं ‘हो’ म्हणून मोकळं होता येत नाही. कारण कधी कधी गोष्ट नेमकी उलटी असते. पेशीच्या आत संदेश पोचवणारं एखादं प्रथिन दुबळं असतं आणि त्या दुबळेपणामुळेच शरीर स्वतःवर हल्ला करतं. हे जपानमधल्या एका उंदरांच्या वाणात फार स्वच्छ दिसलं, म्हणून हा धागा.

आधी थायमसबद्दल. छातीच्या मधल्या हाडामागे, हृदयाच्या वरच्या अंगाला ही ग्रंथी असते. अस्थिमज्जेतून आलेल्या कच्च्या पेशी इथे टी पेशी होतात. प्रत्येक पेशी जनुकांचे तुकडे कसेही जोडून आपला रिसेप्टर (पृष्ठभागावरचं, ओळख पटवणारं प्रथिन) बनवते, त्यामुळे तो कशाला चिकटेल हे आधी ठरलेलं नसतं. म्हणून इथे प्रत्येकीला शरीराच्या स्वतःच्याच प्रथिनांचे तुकडे दाखवले जातात. जी अजिबात चिकटत नाही ती निरुपयोगी, ती मरते. जी फार घट्ट चिकटते ती धोक्याची, तीही मारली जाते. बेताने चिकटणारी तेवढी जगते. शंभरातल्या पाचसुद्धा धड बाहेर पडत नाहीत, इतकी ही निवड कडक आहे.

आता, आपण किती घट्ट चिकटलोय हे पेशीला कळतं कसं? रिसेप्टरचा आतला भाग अगदी आखूड असतो, संदेश द्यायला तो पुरत नाही. ते काम त्याच्या शेजारच्या सीडी३ आणि झीटा या साखळ्यांच्या लांब शेपटांचं. रिसेप्टर चिकटला की एलसीके नावाचं प्रथिन त्या शेपटांवर फॉस्फेट लावतं. फॉस्फेटच्या या जोड्या पकडून झॅप-७० तिथे येऊन बसतं, जागं होतं आणि पुढे लॅट नावाच्या प्रथिनावर फॉस्फेट लावतं. मग पेशीत कॅल्शियम वाढतं, कॅल्सिन्यूरिन कामाला लागतं आणि केंद्रकातली जनुकं चालू होतात. मूत्रपिंड बदललेल्या रुग्णांना टॅक्रोलिमस देतात ते याच साखळीतल्या कॅल्सिन्यूरिनला अडवतं. म्हणजे ‘घट्ट’ की ‘बेताचं’ हे पेशीला कळतं ते या फॉस्फेटच्या हिशोबातून. आणि त्या हिशोबात झॅप-७० मधोमध बसलेलं आहे.

२००३ मध्ये नोरिको आणि शिमोन साकागुची यांच्या गटाने ‘एसकेजी’ नावाच्या उंदरांबद्दल लिहिलं. प्रयोगशाळेतल्या साध्या पांढऱ्या उंदरांच्या वंशात आपोआप एक बदल झाला होता. झॅप-७० च्या सहाशेहून जास्त अमिनो आम्लांपैकी १६३ व्या जागी ट्रिप्टोफॅनऐवजी सिस्टीन आलं, एवढंच. पण ही जागा फॉस्फेट पकडणाऱ्या भागात येते, त्यामुळे पकड सैल झाली आणि संदेश क्षीण झाला. या उंदरांची आधी पुढच्या पायांची बोटं सुजतात, दोन्ही बाजूंना सारखी, मग घोटे. रक्तात ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर (आमवातात दिसणारं, स्वतःविरुद्धचं प्रतिपिंड) सापडतो, काहींच्या फुप्फुसांतही दाह दिसतो. आमवाताच्या रुग्णाचे हात ज्यांनी जवळून पाहिलेत त्यांना हे वर्णन ओळखीचं वाटेल.

संदेश क्षीण आणि तरी हल्ला, असं का? दोन अंश कमी दाखवणारा थर्मामीटर डोळ्यांपुढे आणा. १०१ ताप असलेलं मूल त्यावर नॉर्मल दिसेल आणि खरोखर नॉर्मल असलेलं मूल गार पडल्यासारखं दिसेल. झॅप-७० दुबळं असलं की तसंच होतं. स्वतःच्या शरीराला घट्ट चिकटणारी, म्हणजे एरवी मारली गेली असती अशी पेशी ‘बेताची’ ठरून पास होते. जी खरोखर बेताची होती तिला संदेशच पुरेसा मिळत नाही आणि ती मरते. बाहेर पडणाऱ्या पेशींची सगळी निवडच सरकते.

याच साकागुचींना मेरी ब्रंकॉ आणि फ्रेड रॅम्सडेल यांच्याबरोबर २०२५ चं नोबेल मिळालं, ते नियामक टी पेशींच्या कामासाठी. तो विषय याला लागूनच आहे. कोणी विचारलंत तर सविस्तर लिहीन.

वाटसरू

फार छान लिहिलंय. थायमसबद्दल शाळेत एक ओळ वाचली होती, त्यात एवढं काही घडत असेल असं वाटलं नव्हतं. एक शंका आहे. झॅप-७० थायमसमध्ये दुबळं, तर तीच पेशी बाहेर आल्यावरही दुबळीच असणार ना? प्रथिन तर तेच. मग सांध्यावर हल्ला करायला जोर कुठून येतो?

जास्वंद

वाटसरू, हाच खरा प्रश्न आहे. उत्तराचे तीन धागे आहेत आणि तिन्ही एकमेकांत गुंतलेत.

पहिला नियामक टी पेशींचा. शरीराच्या प्रथिनांना बऱ्यापैकी घट्ट चिकटणाऱ्या काही पेशी थायमस मारत नाही, त्यांना दुसऱ्या कामाला लावतो. इतर टी पेशींना आवरणं हे ते काम. फॉक्सपी३ नावाचं प्रथिन त्यांना हा स्वभाव देतं. पण असं होण्यासाठी संदेश चांगला जोरकस लागतो. झॅप-७० क्षीण असलं की आवरणाऱ्या पेशीही कमी पडतात किंवा कामात कच्च्या राहतात.

दुसरा म्हणजे जागा. टी पेशी कमी असल्या की ज्या आहेत त्या वाढून रिकामी जागा भरतात, आणि ही वाढ शरीराच्याच प्रथिनांना चिकटून मिळणाऱ्या हलक्या संदेशावर होते. साहजिकच जी स्वतःला जास्त चिकटते ती जास्त वाढते.

तिसरा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. हे एसकेजी उंदीर अगदी निर्जंतुक, स्वच्छ पिंजऱ्यात वाढवले तर त्यांना संधिवात होतच नाही! जनुक तेच, निवडून आलेल्या पेशी त्याच, पण उंदीर ठणठणीत. साध्या पिंजऱ्यात ठेवले, किंवा स्वच्छ पिंजऱ्यातच यीस्टच्या पेशीभित्तिकेतलं बीटा-ग्लुकन टोचलं, की सांधे सुजायला लागतात. बुरशीच्या या घटकाने टी पेशी नव्हे तर दुसऱ्याच पेशी चेततात. त्या आयएल-६ नावाचं निरोप देणारं प्रथिन सोडतात आणि त्याच्या प्रभावाखाली या टी पेशी दाह करणाऱ्या टीएच१७ प्रकारच्या होतात. जोर असा बाहेरून मिळतो. म्हणून एखाद्या घरात जुळ्या बहिणींपैकी एकीलाच आजार का झाला, असं कोणी विचारलं की मी या पिंजऱ्यांबद्दल सांगते.

२०१० मध्ये याच गटाने झॅप-७० ची ताकद वेगवेगळ्या पायऱ्यांनी कमी करून पाहिली. पायरी बदलली की आजारही बदलला. एका पायरीला सांधे, दुसऱ्या पायरीला आतडी. आणि प्रथिन पूर्णच नसेल तर ऑटोइम्यून आजारच नाही, कारण टी पेशीच तयार होत नाहीत.

निशिगंध

जास्वंदताई, मला स्वतःला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आमवात आहे. सकाळी उठल्यावर चहाचा कप धरायलाही अर्धा-पाऊण तास जातो. आधी मेथोट्रेक्झेट होतं, त्याने भागेना तेव्हा डॉक्टरांनी टोफासिटिनिब सुरू केलं. ही गोळी पेशींचे संदेश कमी करते असं मला सांगितलंय. तुमचा लेख वाचून मी जरा घाबरले. संदेश कमी पडल्यामुळे आजार होत असेल तर तो आणखी कमी का करायचा?

जास्वंद

निशिगंधताई, घाबरू नका, गोळी तर मनाने मुळीच बंद करू नका. दोन गोष्टी वेगळ्या करून सांगते.

थायमसमधली निवड मुख्यतः लहानपणी होते. वयात आल्यावर ग्रंथी आक्रसत जाते आणि तिच्या जागी चरबी येते. तुमच्या शरीरात आज जो दाह चाललाय तो निवड होऊन कधीच बाहेर पडलेल्या पेशींचा आहे. ती निवड आता मागे जाऊन बदलता येत नाही, दाह मात्र थांबवता येतो आणि थांबवायलाच हवा, कारण तो हाडं झिजवतो.

दुसरं, टोफासिटिनिब झॅप-७० ला हात लावत नाही. ते जॅक कुटुंबातल्या प्रथिनांना अडवतं. आयएल-६, इंटरफेरॉन असे बाहेरचे संदेश पेशीच्या पृष्ठभागावर आले की आत जॅक प्रथिनं स्टॅट नावाच्या प्रथिनांवर फॉस्फेट लावतात आणि स्टॅट केंद्रकात जाऊन जनुकं चालू करतात. वर बुरशीच्या गोष्टीत आयएल-६ आलं ना, त्याचा निरोप याच वाटेने जातो. म्हणजे तुमची गोळी तो बाहेरून मिळणारा जोर तोडते.

याच वाटेवर एक बोलकं उदाहरण आहे. जॅक३ जन्मतः नसेल तर बाळात टी पेशी बनत नाहीत आणि एससीआयडी हा जिवावरचा आजार होतो. उलट स्टॅट१ किंवा स्टॅट३ जन्मतः जास्त चालू असेल तर लहानपणीच ऑटोइम्यून आजार होऊ शकतात. स्टॅट१ वाल्या मुलांना तर सोबत तोंडात, नखांत चिवट बुरशीसंसर्गही होतो. एकाच शरीरात एका बाजूने प्रतिकार कमी आणि दुसऱ्या बाजूने स्वतःवर हल्ला. ‘इम्युनिटी जास्त की कमी?’ या प्रश्नाला अशा मुलाच्या बाबतीत काय उत्तर देणार?

हिमरू

मी फिजिशियन आहे, मराठवाड्यात प्रॅक्टिस करतो. जास्वंद यांनी म्हटलंय त्याला पूर्ण अनुमोदन. थोडी व्यवहारातली भर घालतो.

टोफासिटिनिबला अमेरिकेत २०१२ मध्ये मान्यता मिळाली. आपल्याकडे आता बऱ्याच कंपन्यांची गोळी मिळते, त्यामुळे ती पुष्कळ आवाक्यात आली, ही आनंदाची गोष्ट. पण म्हणूनच ती सैलपणे घेतली जाते. केस गेले, पांढरे डाग आले म्हणून कोणीतरी सुचवलं आणि मेडिकलमधून आणली, असे रुग्ण मी पाहिलेत. कृपा करून असं करू नका. सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे आणि दडलेल्या टीबीची तपासणी झालीच पाहिजे. आपल्या देशात ही नुसती कागदी औपचारिकता नाही. गोळी चालू असताना नागीण होण्याचं प्रमाण वाढतं, तेव्हा अंगाच्या एकाच बाजूला जळजळ होऊन पुरळ उठलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. पन्नाशीच्या पुढच्या, हृदयविकाराचा धोका असलेल्या रुग्णांच्या मोठ्या अभ्यासात हृदयविकाराचे झटके, रक्ताच्या गुठळ्या आणि काही कर्करोग जास्त दिसले, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२१ मध्ये इशारा कडक केला. निशिगंध, तुमचं वय कमी असेल, सिगारेट नसेल, तपासण्या वेळेवर होत असतील तर हे वाचून रात्रीची झोप घालवू नका. पुढच्या भेटीत डॉक्टरांना सरळ विचारा.

दख्खनी

गुळवेलीबद्दल कोणी बोलेल का? आमच्याकडे कोविडपासून रोज सकाळी काढा सुरू आहे, आई अजूनही सोडत नाही. तिला थायरॉइडचा ऑटोइम्यून त्रास आहे.

हिमरू

दख्खनी, २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली होती. गुळवेल घेतल्यानंतर त्यांच्या यकृताला इजा झाली आणि ती ऑटोइम्यून हिपॅटायटिससारखी दिसत होती. त्यांच्यातल्या काहींना थायरॉइडसारखे आजार आधीपासून होते. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. ती वनस्पती खरंच गुळवेलच होती का, की तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल, असा त्यांचा मुद्दा होता. वाद काहीही असो, ज्याला आधीच ऑटोइम्यून आजार आहे त्याने रोज काढा घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. आईंची यकृताची रक्ततपासणी एकदा करून घ्या आणि त्यांच्या डॉक्टरांना काढ्याबद्दल सांगा. बहुतेक रुग्ण ‘ते काय औषध थोडंच आहे’ म्हणून सांगतच नाहीत.

सह्यगिरी

धागा वाचतोय आणि मनापासून आवडतोय. सगळी चर्चा टी पेशींची चाललीय म्हणून बी पेशींची, म्हणजे प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशींची बाजू मांडतो. तिथेही हीच गुंतागुंत आहे.

१९५२ मध्ये अमेरिकेच्या वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात ऑग्डेन ब्रुटन या बालरोगतज्ज्ञाकडे आठ वर्षांचा मुलगा होता. न्यूमोनिया आणि रक्तातले जंतुसंसर्ग त्याला पुन्हा पुन्हा व्हायचे. त्याच्या रक्तातली प्रथिनं विजेच्या प्रवाहाने वेगळी करून पाहिली तर गॅमा ग्लोब्युलिनचा, म्हणजे प्रतिपिंडांचा पट्टाच नव्हता. ब्रुटननी त्याला बाहेरून गॅमा ग्लोब्युलिन टोचायला सुरुवात केली आणि मुलाचे संसर्ग थांबले. कारण असलेलं जनुक १९९३ मध्ये सापडलं आणि त्या प्रथिनाला ब्रुटन यांचंच नाव मिळालं, बीटीके. बी पेशीच्या रिसेप्टरचा संदेश हे प्रथिन पुढे नेतं. ते नसेल तर अस्थिमज्जेतच पेशींची वाढ अडते आणि बाहेर जवळजवळ बी पेशी येतच नाहीत.

पण अशा मुलांत ज्या मोजक्या बी पेशी निसटून बाहेर येतात त्यांच्यात शरीराच्याच घटकांना चिकटणाऱ्यांचं प्रमाण जास्त असतं, हे नंतर दिसलं. म्हणजे संदेश कमी, म्हणून छाननी कच्ची. झॅप-७० ची गोष्ट पुन्हा तीच! उलट उंदरांच्या बी पेशींत बीटीके मुद्दाम जास्त केलं तर ल्यूपससारखा आजार होतो. म्हणून बीटीके अडवणारी औषधं आधी रक्ताच्या कर्करोगात आली आणि आता ऑटोइम्यून आजारांतही वापरून पाहिली जात आहेत.

याहून नवलाचं प्रथिन म्हणजे लिन. ते संदेश सुरूही करतं आणि आवरतंही. १९९५ मध्ये मेलबर्नच्या गटाने लिन नसलेले उंदीर तयार केले. त्यांच्यात बी पेशी कमी होत्या, तरी रक्तात स्वतःविरुद्धची प्रतिपिंडं भरपूर आणि मूत्रपिंडं खराब. लिन गेल्यावर आवरायला कोणी उरलं नाही.

अबोली

जास्वंदताई, सह्यगिरी, दोघांनाही धन्यवाद. माझ्या धाकट्या बहिणीला ल्यूपस आहे. आम्हाला वॉर्डमध्ये सगळ्या मुलीच दिसायच्या. बायकांनाच इतका का होतो याचं कारण कळलंय का?

जास्वंद

अबोली, ल्यूपसच्या दहा रुग्णांत साधारण नऊ स्त्रिया असतात. कारणं अनेक आहेत, हार्मोन्सही त्यात येतात. पण संदेशवाहक प्रथिनांपैकी एकाचं काम आता बरंच स्पष्ट झालंय. टीएलआर७ हे प्रथिन विषाणूंचं आरएनए ओळखतं आणि बी पेशींना जागं करतं. त्याचं जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. स्त्रीच्या प्रत्येक पेशीतला एक एक्स बहुतांशी बंद असतो, पण टीएलआर७ काही पेशींत बंद केलेल्या प्रतीवरूनही चालू राहतं. त्यामुळे त्या पेशींत त्याचं प्रमाण वाढतं.

२०२२ मध्ये कॅरोला विनुएसा यांच्या गटाने स्पेनमधल्या एका मुलीबद्दल लिहिलं. तिला अगदी लहान वयात ल्यूपस झाला होता. तिच्या टीएलआर७ मध्ये एकच अमिनो आम्ल बदललेलं निघालं आणि त्यामुळे ते प्रथिन जास्त संवेदनशील झालं होतं. तोच बदल उंदरांत केला तर उंदरांना ल्यूपस झाला. एवढा सरळ पुरावा या क्षेत्रात क्वचित मिळतो. तुझ्या बहिणीत हेच असेल असं मात्र नाही. बहुतेक रुग्णांत अनेक जनुकांतले छोटे छोटे बदल एकत्र आलेले असतात. तिला हायड्रॉक्सीक्लोरोक्विन चालू असेल तर ते टीएलआर७ च्या या संदेशालाही आडकाठी करतं. म्हणून ती गोळी कंटाळून सोडू देऊ नकोस, आणि डोळ्यांची तपासणी चुकवू नका.

पारिजात

इतके दिवस फक्त वाचत होते, सह्यगिरींचं वाचून लिहावंसं वाटलं. माझे दोन मामा लहानपणीच गेले, दोघेही ‘छातीत कफ होऊन’. आजी नेहमी सांगायची की मुली जगल्या, मुलगे राहिले नाहीत. आता मला दिवस गेलेत. घरातले म्हणतात, जुन्या काळी मुलं जायचीच. मी कोणाशी बोलू?

हिमरू

पारिजातताई, लिहिलंत हे फार बरं केलंत. जुन्या काळी मुलं जायची हे खरं. पण एका घरात आईकडचे मुलगेच जावेत, हे डॉक्टरांना सांगायलाच हवं असं आहे. बीटीकेसारखी काही जनुकं एक्सवर असतात. आई निरोगी राहून ती मुलाकडे पोचवू शकते. कदाचित तुमच्या घरात तसं काहीच नसेल, पण विचारायला आत्ताचीच वेळ योग्य आहे.

मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात आयसीएमआरची राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे, जन्मजात प्रतिकारदोषांचं निदान तिथे होतं. जवळच वाडिया बाल रुग्णालयातही या आजारांचा विभाग आहे. तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडून चिठ्ठी घ्या आणि जनुकीय समुपदेशनासाठी आधीच जा. जाताना आजीला किंवा आईला विचारून मामांची वयं, कोणते आजार झाले, लसी घेतल्या होत्या का, जे आठवेल ते एका कागदावर लिहून न्या.

आणि बाळ झाल्यावर बीसीजी आणि तोंडावाटे पोलिओची लस देण्याआधी नवजात विभागातल्या डॉक्टरांना हा इतिहास सांगा. या दोन्ही जिवंत लसी आहेत. निरोगी बाळाला त्या सुरक्षित आहेत, द्यायलाच हव्यात. पण टी पेशी नसलेल्या बाळात बीसीजीचे जंतू शरीरभर पसरू शकतात, आणि प्रतिपिंडं न बनवणाऱ्या मुलाने तोंडावाटे पोलिओ टाळायचा असतो. रक्ततपासणीचा निकाल येईपर्यंत त्या थोड्या पुढे ढकलायच्या का, ते बालरोगतज्ज्ञ ठरवतील.

जास्वंद

पारिजात, तुला व्यक्तिगत निरोप पाठवलाय. परळला जाताना कोणते कागद लागतील ते त्यात लिहिलंय. सोबत लागली तर सांग, मी येईन.